चौदा माणसं कमी

आमच्या चिंचबाग परिसर नागरी मंडळाने आठ वर्षांत काय साधलं, असं कुणी विचारलं की मी इतिवृत्ताची वही पुढे करतो. मोकाट कुत्री, तिठ्यावरचा बंद दिवा, गटाराचं झाकण, पुन्हा मोकाट कुत्री, अशा एकोणसाठ विषयांवर 'सखोल चर्चा झाली' अशी नोंद तीत आहे. अक्षर माझं आहे. मी मंडळाचा सचिव. पंचायत समितीत चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस निवृत्त झाला की त्याला दुसरं कुठलं पद कुणी देत नाही.

चिंचबाग म्हणजे महाडच्या बाहेर, नातेकडे जाणाऱ्या रस्त्याला फाटा फुटतो तिथली चाळीसेक घरं. निम्मी आमच्यासारखी पेन्शनवाली, निम्मी ट्रकवाल्यांची, दुकानदारांची आणि मुलं आखातात असलेल्यांची. अध्यक्ष हफिजा मॅडम. त्या उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सभेत त्या फारसं बोलत नाहीत. समोरचे बोलून दमले की चष्मा काढून पुसतात, पुन्हा चढवतात आणि एकच वाक्य बोलतात. त्या वाक्याने कुणाला तरी काम लागतं, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा मी असतो.

साठावा विषय चांगूने आणला. चांगू आम्हाला दूध घालतो. तो राहतो वरच्या कोंडात, म्हणजे आमच्यापासून नऊ-दहा किलोमीटर वर, डोंगराच्या अंगावरच्या वाडीत. मंडळाची सभा जलीलभाईंच्या गोदामाच्या माडीवर भरते. दिवाळीनंतरच्या सभेला संध्याकाळचं दूध घालून झालं तरी चांगू जिन्यात उभाच होता. हफिजा मॅडमनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली.

"नातीचं कालेज बंद करतायत," तो म्हणाला. "आमच्या उज्वलाचं. तिच्या संगतीला धा पोरी हायत, त्यांचं पन तसंच."

प्रकार असा होता की कॉलेज साडेबाराला सुटायचं आणि कोंडाची बस थेट साडेचारला. चार तास मुली स्टँडवर बसून. थंडीच्या दिवसांत घरी पोचेपर्यंत अंधारायचं. घरच्यांनी दीड वर्ष सोसलं आणि आता नको म्हणाले.

लगेच सल्ले सुरू झाले. घरी बसून संगणकाचं काम करणारा आमोद म्हणाला, ऑनलाइन निवेदन फिरवू, दहा हजार सह्या होतील. कुणी म्हणालं, मुलींना सायकली द्या. दहा किलोमीटरचा चढ आहे, हे सांगितल्यावर तो म्हणाला, येताना तर उतार आहे ना. मग सगळे हळूहळू जलीलभाईंकडे बघू लागले. त्यांच्या तीन मिनीडोर त्याच रस्त्याला प्रवासी वाहतात. बस वाढली तर जाणारं गिऱ्हाईक त्यांचं.

"मिनीडोर सीट भरल्याशिवाय सुटत नाही," जलीलभाई म्हणाले. "पोरी सीटा भरायची वाट बघत बसणार. ते काही खरं नाही. एकची बसच पाहिजे. लिहा, श्रीधरभाऊ."

हे वाक्य मी इतिवृत्तात मुद्दाम जरा मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

अर्ज मी चार पानांचा केला. पहिली दीड पानं पार्श्वभूमी, मग संदर्भ, मग मुद्दे, शेवटी विनंती. आगारातले साहेब तिशीतले, नम्र होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पहिली साडेतीन पानं उलटून थेट शेवटचा परिच्छेद वाचला. मी स्वतः चौतीस वर्षं लोकांचे अर्ज असेच वाचले होते. पण आपला अर्ज तसा वाचला जाताना समोर बसून बघणं निराळं.

"गाडी देऊ या, काका," ते म्हणाले. "महिनाभर प्रायोगिक. पण भारमान हवं. वर जाताना सरासरी पंचवीस प्रवासी दिसले तर फेरी कायम, नाहीतर बंद. मुली किती?"

"अकरा."

"म्हणजे चौदा माणसं कमी पडतात."

अशा वेळी शहाण्या माणसाने 'मंडळात विचारून कळवतो' असं म्हणायचं असतं. हे वाक्य मी नोकरीत निदान दहा हजार वेळा वापरलं असेल. पण त्यांचं ते 'कमी पडतात' मला लागलं. चिंचबाग मंडळ कमी पडतं, असं कुणी तोंडावर म्हणावं?

"चौदा काय, चाळीस देतो," मी म्हणालो.

"चाळीस नकोत, चौदाच द्या," ते हसून म्हणाले आणि त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या चांगूला मी बातमी सांगितली. त्याने किटली खाली ठेवली. "भाऊसाहेब, तुमच्या लिवन्यात ताकद हाय," तो म्हणाला. चौदा माणसांचा तपशील त्याला सांगायची गरज मला वाटली नाही. खरं म्हणजे गरज वाटली होती. पण त्याचा चेहरा इतका उजळला होता, आणि माझाही.

मंडळाच्या सभेत मात्र तपशील लपला नाही. दुपारी एक वाजता वरच्या कोंडाला जाण्याचं काम चिंचबागेत कुणाला आहे, याचा शोध घेतला. कुणालाच नव्हतं. कोंडातली बाकीची माणसं सकाळी बाजाराला येत आणि साडेचारच्या बसने जात; पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. चाळीस देणारा माणूस म्हणून.

हफिजा मॅडमनी चष्मा पुसला. "आपण जाऊ," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"वर. आणि त्याच गाडीने परत."

मॅडमनी त्या रात्रीच पाळीपत्रक तयार केलं. रोज चौदा माणसं, दर घराला आठवड्यातून दोनदा ते तीनदा पाळी, आजारपणाची सूचना आदल्या दिवशी, बदली माणूस स्वतः द्यायचा. चाळीस वर्षं शाळेचं वेळापत्रक लावलेली बाई. त्या पत्रकात पळवाट नव्हती. मी शोधली होती.

दुपारी एक ही वेळ पेन्शनर माणसाच्या आयुष्यात किती महत्त्वाची असते, हे नोकरी करणाऱ्यांना कळायचं नाही. सव्वाबाराला पान वाढलं जातं, एकला हात धुतले जातात आणि अडीचपर्यंत माणूस जगाच्या उपयोगाचा नसतो. आता एक वाजून दहा मिनिटांनी आम्ही तिठ्यावर डबे घेऊन उभे. माझी बायको चारुशीला म्हणाली, "चौतीस वर्षं तुम्हाला डबा दिला. निवृत्तीनंतर सुटेन असं वाटलं होतं." तिने पाळीपत्रकातून स्वतःचं नाव वगळून घेतलं होतं. तिला घाटात मळमळतं.

बसमध्ये बसण्याबद्दलही सल्ले आले. जाताना डावीकडे बसा, उन्हं उजवीकडून येतात. येताना उलट. चाकावरची सीट टाळा. जलीलभाई या विषयातले जाणकार, पण ते स्वतः बसले की पहिल्या वळणाला झोपत आणि परत तिठ्यावर आल्यावर त्यांना उठवावं लागे. "स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असलं की मला झोप येते," ते म्हणत. आयुष्यभराची राहिलेली झोप त्यांनी त्या महिन्यात पुरी केली.

कंडक्टर रिझवाना. आवाज बारीक, नजर करडी. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "कुठे?"

"वरचा कोंड. आणि परत."

"परत कधी?"

"लगेच."

"तिथे काम काय आहे?"

"काम असं नाही."

तिने मागे बसलेल्या तेरा जणांकडे बघितलं. सगळे 'वरचा कोंड आणि परत' होते. तिकीट देताना तिने मला असं निरखलं की मला उगाचच गुन्हा केल्यासारखं वाटलं.

हजेरी नीट राहावी म्हणून मी एक नोंदवही घेतली होती. बस कोंडाच्या पारापाशी वळते, दहा मिनिटं थांबते. तेवढ्या वेळात मी खाली उतरून, पारावर वही ठेवून त्या दिवसाची नावं लिहीत असे. लिहिताना मधूनच समोरच्या डोंगराकडे बघायची मला सवय आहे. आमोद तोवर मोबाइलवर शेतांचे फोटो काढायचा. त्याला हिरवं काही दिसलं की राहवत नाही. जलीलभाईंना एकदा तिथेच जाग आली, तर त्यांनी सहज एका म्हातारबाबाला विचारलं, "हा वळणाखालचा उतार कुणाचा हो? ट्रक फिरवायला चांगला आहे."

शहरातली चौदा माणसं रोज येतात. कुणाकडे जात नाहीत. एक जण डोंगराकडे बघून वहीत लिहितो, दुसरा शेतांचे फोटो काढतो, तिसरा जमिनीची चौकशी करतो, आणि परत जातात. पहिला तर पंचायत समितीतला माणूस, हे कोंडाला ठाऊक. आता यातून कोंडाने काय अर्थ काढावा?

नवव्या दिवशी बस पारापाशी पोचली तेव्हा तिथे तीस-चाळीस माणसं उभी होती. बायकासुद्धा. मी नेहमीप्रमाणे वही घेऊन उतरलो.

"मोजनी कसली चाललीय?" एकाने विचारलं.

"कंपनी येतेय का धरन?" दुसरा म्हणाला. "आमची जमीन आमी देनार नाय."

खरं सांगायचं तर एका वाक्यात प्रश्न सुटला असता. पण इतकी माणसं अंगावर आल्यासारखी उभी राहिली की माझ्या आत बसलेला कारकून जागा होतो. "सदर बाबतीत मला काही सांगता येणार नाही," मी म्हणालो. "आपण सक्षम प्राधिकाऱ्याकडे चौकशी करावी."

त्यानंतर जे झालं त्याची नोंद मी इतिवृत्तात केलेली नाही. वही एका आजीने काढून घेतली. रिझवानाने घंटी वाजवून आम्हाला आत ओढलं म्हणून बस निघाली. जलीलभाईंना यातलं काही कळलं नाही. ते झोपले होते.

दुसऱ्या दिवशी तिठ्यावर बस आली ती जवळजवळ रिकामी. मुलींच्या सीटा मोकळ्या होत्या. उज्वला नाही, तिच्या संगतीच्या दहा नाहीत. सकाळच्या बसलाही त्या नव्हत्या, असं रिझवाना म्हणाली. कोंडाने ठरवलं होतं, जमीन घ्यायला येणाऱ्या गाडीत आमच्या पोरी बसणार नाहीत. साडेचारच्या बसने येणं तर आधीच बंद झालेलं. म्हणजे मुलींचं कॉलेज वाचवायला निघालेल्या आमच्या मंडळाने ते दहा दिवसांत पुरतं बंद करून दाखवलं होतं. चांगू सकाळी दूध घालून गेला होता, पण मान वर न करता.

मी जेवलो नाही. चारुशीलाने विचारलं, "त्या चांगूला खरं काय ते कधी सांगितलं होतं का?" मी पेपर उघडला. "मग त्याने गावाला काय सांगावं? तुमच्या लिहिण्यात ताकद आहे एवढंच ना?" ती म्हणाली. तिला हे कसं कळलं, माहीत नाही. तेव्हा ती स्वयंपाकघरात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हफिजा मॅडम दारात आल्या. हातात छत्री, पायात बूट. "चला, श्रीधरराव."

"आज माझी पाळी नाही, मॅडम."

त्यांनी नुसता चष्मा पुसला. मी चपला घातल्या.

पारावर त्या दिवशीही माणसं होती. हफिजा मॅडम सरळ जाऊन त्यांच्यात बसल्या, जशा काय रोज बसतात. एका बाईने पदर सारखा करून जागा दिली. कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला. सत्तरीतल्या मॅडम दोन घोट पाणी पिऊन म्हणाल्या, "हे साहेब तुम्हाला काही सांगणार आहेत." आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "साधं बोला."

मी उभा राहिलो. चाळीस माणसं बघत होती. चांगू कडेला, मान खाली. 'सदर' तोंडापर्यंत आला होता, तो गिळला.

"आम्ही इथे कशाला येतो, ते सांगतो," मी म्हणालो. "कशालाच येत नाही. नुसते बसून येतो आणि बसून जातो. पंचवीस माणसं नसली तर ही बस बंद होणार आहे. तुमच्या मुली अकरा. म्हणून आम्ही चौदा जण रोज बसतो. वहीत फक्त आमचीच नावं आहेत. चांगूला मी सांगितलं की माझ्या अर्जाने बस आली. तसं नाही. मी साहेबांपुढे फुशारकी मारली आणि बाकीचे ती निभावतायत."

वही काढून घेतलेली आजी घरात गेली, वही घेऊन आली आणि तिने ती एका शाळकरी मुलीकडे दिली. मुलीने नावं वाचून दाखवली. पहिलं पान, दुसरं पान. सगळी चिंचबागेची. पुढे 'आजारी, बदली माणूस दिला' असे शेरे.

"म्हंजे," चांगू म्हणाला, "तुमी आमच्या पोरींसाठी रोज जेवनाच्या वक्ताला येता, आन काय करत नाय?"

"डबा खातो."

"गाडीतच?"

"हो."

आजी आधी हसली. मग तिच्या शेजारची. मग पारच हसायला लागला. हसता हसता ती आजी डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "उद्यापासनं डबा आनायचा नाय रे कुनी. आनलात तर गाडी वळू देनार नाय."

चांगू माझ्याजवळ आला. मला वाटलं, काहीतरी ऐकवेल. तो म्हणाला, "आधी सांगितलं असतंत तर मी दुधाची किटली घेऊन परत याच गाडीनं आलो नसतो का? पंधरावा झालो असतो." एवढंच. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा मुली बसमध्ये होत्या. उज्वलाने उठून हफिजा मॅडमना खिडकी दिली. आणि पारावर पत्रावळ्या मांडलेल्या होत्या. नाचणीच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, कांदा, ताक. दहा मिनिटांत चौदा माणसं जेवून कशी उठणार? रिझवाना घड्याळ बघत म्हणाली, "सात मिनिटं राहिली." मग तिच्याही पुढे पत्रावळ आली. ड्रायव्हरला आजीने गाडीतच नेऊन दिली. जलीलभाई त्या दिवसापासून वर जाताना झोपत नाहीत, फक्त येताना झोपतात.

पुढे सगळंच हाताबाहेर गेलं. पाळी नसलेली माणसं तिठ्यावर यायला लागली. आमच्याकडे एक रक्तदाबाचे गृहस्थ आहेत, ज्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणून पाळीतून सूट घेतली होती. ते दुसरी चिठ्ठी घेऊन आले, की प्रवासास हरकत नाही. आमोद लॅपटॉप घेऊन बसमधूनच काम करू लागला आणि कोंडात सिग्नल नाही हे त्याच्या वरिष्ठांना फोटो पाठवून पटवू लागला. कोंडातल्या बायका वालाच्या शेंगा, भाजी, अंडी घेऊन सकाळी खाली यायच्या, त्या आता साडेचारपर्यंत न थांबता एकच्या बसने परत जाऊ लागल्या. घरी पोरंबाळं असतात, तीन तास मिळतात, असं म्हणायच्या. इतकी वर्षं त्यांनाही ही बस हवी होती. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. मग चारुशीलाही एकदा आली. मळमळीची गोळी घेऊन, फक्त बघायला म्हणून. आजीने तिला कुळथाचं पिठलं कसं घोटायचं ते दाखवलं. त्यानंतर तिला घाटात मळमळल्याचं मी ऐकलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आगाराचे साहेब स्वतः तिठ्यावर आले. हातात छोटी डायरी. मी इस्त्रीचा शर्ट घालून, वही काखेत मारून, हफिजा मॅडमच्या शेजारी उभा होतो. महिनाभराचे कष्ट माझ्या चेहऱ्यावर दिसावेत, अशी माझी इच्छा होती.

एक वाजून बारा मिनिटांनी बस आली. दारात माणसं. आत उभी माणसं. टोपल्या, पिशव्या, मुली, मांडीवर पोरं. जलीलभाईंचं डोकं मागच्या काचेला टेकलेलं दिसलं. ते स्टँडवरूनच बसून आले होते. साहेब आत चढले, कडेकडेने मागपर्यंत गेले आणि उतरले. त्यांनी डायरीत आकडा लिहिला. त्रेसष्ट.

"फेरी कायम," ते म्हणाले.

मी पायरीवर पाय ठेवला. रिझवानाने हात आडवा धरला.

"जागा नाही, काका."

"अगं, मी सचिव आहे."

"तरी नाही," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं, त्या पहिल्या दिवशीच्या नजरेने नाही, आणि म्हणाली, "तुम्हीच भरलीत ना."

घंटी वाजली. बस गेली. तिठ्यावर धूळ, मी आणि हफिजा मॅडम. मला वाटलं होतं, निदान त्या तरी काही बोलतील. त्यांनी चष्मा काढला. पुसला. पण या वेळी तो डोळ्यांवर चढवायला त्यांना जरा वेळ लागला. मग छत्री उघडून त्या घराकडे चालू लागल्या. चाळीस वर्षं मुलींना शिकवलेली बाई. कुणाला कळलंही नसतं की या सगळ्याची अध्यक्ष ती होती. मी मागे उभा राहून त्यांना वळणापर्यंत बघत राहिलो, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की सचिव असणंही काही वाईट नाही, अध्यक्ष नीट मिळाला पाहिजे.

घरी आलो तर दाराला कुलूप. चारुशीलाला फोन लावला. मागे बसचा घरघराट आणि बायकांचा हसण्याचा आवाज.

"मी स्टँडवरूनच बसले," ती म्हणाली. "खिडकी मिळाली. तुम्ही दिसलात मला खाली. हात केला होता, तुम्ही साहेबांकडे बघत होता."

"जेवण?"

"ओट्यावर झाकून ठेवलंय."

"आणि किल्ली?"

फोनवर पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. "ती माझ्या पर्समध्ये आहे," ती म्हणाली. "अडीचला येतेच की."

मी दाराच्या पायरीवर बसलो. ऊन पाठीवर होतं, भूक सडकून लागली होती. वर, डोंगराच्या पहिल्या वळणावर ड्रायव्हरने गिअर खाली घेतल्याचा आवाज आला. महिनाभर त्या गाडीत बसून आता आवाजावरून कळतं. रिकामी बस ते वळण सहज घेते. भरलेली असली की कण्हते. बराच वेळ ती कण्हत होती, आणि मी ऐकत बसलो होतो.